सरांच्या नावाचा कोळी

“हात लावू नका,” विंचूसर म्हणाले. “आणि श्वास जरा तिकडे तोंड करून सोडा.”

वार्ताहराने बरणीकडे नेलेलं बोट मागे घेतलं आणि संचालकांकडे पाहिलं. संचालक हसले. संचालकांना कुठल्याही प्रसंगी हसता येत असे. त्या खुर्चीला तेवढीच पात्रता लागते, असं सरांचं मत होतं आणि ते त्यांनी कुणापासून लपवून ठेवलेलं नव्हतं.

संस्थेच्या तळघरातली ती खोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बरण्या आणि बरण्यांत स्पिरिटमध्ये बुडालेले समुद्रकोळी. ध्रुवाकडच्या समुद्रात बर्फाखाली जहाजाने जाळं सोडायचं, तळ खरवडून वर काढायचा, आणि त्या चिखलातून जे निघेल ते इथे यायचं. मग सर त्यातला प्रत्येक जीव सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो माहितीतला आहे की नवा, ते ठरवायचे. नवा असला तर त्याचं वर्णन करायचं, चित्रं काढायची, नाव द्यायचं. सारी नोकरी सरांनी या एका खोलीत हेच केलं होतं.

“हे आपल्या घरात असतात तेच कोळी ना?” वार्ताहराने विचारलं.

“तुमच्या घरात काय असतं मला काय ठाऊक?” सर म्हणाले. “हे समुद्रातले. त्या कोळ्यांशी यांचं लांबचंच नातं. यांना धड अंगच नाही, नुसते पाय. आतडी ठेवायला जागा नाही म्हणून ती पायांत गेलीत.”

“बाप रे! आणि मेंदू?”

“मेंदू आहे. डोक्यातच आहे. यांच्या डोक्यात,” सर म्हणाले आणि त्यांनी संचालकांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

संचालक पुन्हा हसले. “आमचे सर म्हणजे असे आहेत बघा. मनावर घेऊ नका.”

वार्ताहराने मनावर घेतलं नाही. तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, “ते असू दे. पण सर, उद्या निरोपसमारंभात तुमच्या नावाचा कोळी जाहीर होणार! कसं वाटतंय?”

संचालकांचं हसू तेवढं एकदा गळून पडलं. ते वार्ताहराला डोळ्यांनी खुणावू लागले, पण आता काय उपयोग! सरांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

“कोण करतंय?” त्यांनी विचारलं.

“गुपित ठेवायचं होतं हो,” संचालक कुरकुरले. “तुमचीच विद्यार्थिनी. आणखी कोण?”

म्हणजे घाईबाई. हे नाव सरांनीच तिला ठेवलेलं. सरांना पाठीमागे सगळे विंचू म्हणत आणि समोर सर. पुढे त्या दोन्हींचं मिळून विंचूसर झालं. सरांना ते माहीत होतं. नांगी नाही, आठ पाय नाहीत, तेव्हा हे वर्गीकरण चुकलंय, एवढीच त्यांची तक्रार होती.

ते दोघे गेल्यावर सर स्टुलावर बसले.

या धंद्यातली एक रीत आहे. नव्या जीवाला आपलं स्वतःचं नाव कुणी देत नाही. तसा मज्जाव कुठे नाही, पण देणाऱ्याला लाज नाही असं जग समजतं. नाव द्यायचं ते दुसऱ्याने. मग लोक काय करतात? तू माझ्या नावाचा किडा कर, मी तुझ्या नावाचा करतो. सरांना या देवाणघेवाणीची किळस होती. त्यांना तशी पुष्कळांची किळस होती. पेंग्विनबरोबर फोटो काढून घ्यायला जहाजावर जाणाऱ्यांची होती, बातमी यावी म्हणून एखाद्या गोगलगायीला फुटबॉलपटूचं नाव देणाऱ्यांची होती. पण सगळ्यांत तळाला त्यांनी कुणाला ठेवलं असेल, तर पिल्लाला नवी प्रजाती समजून नाव देऊन मोकळं होणाऱ्याला. ध्रुवाकडच्या थंडीत सगळं सावकाश चालतं. पिल्लू वर्षानुवर्षं पिल्लूच राहतं आणि तळहाताएवढं होऊन बसतं. मोठेपणी ते आईबापासारखं होतं, लहानपणी मुळीच तसं दिसत नाही. अशा पिल्लांना नावं देऊन लोक मोठे झाले होते, पदकं घेऊन बसले होते. सरांनी अशी कितीतरी नावं पुसून टाकली होती. पुसताना ते एवढे खूश असत, की तेवढ्यापुरते ते कुणालाही चांगले वाटले असते.

त्यांनी स्वतः साठ-सत्तर प्रजातींना नावं दिली होती. जहाजाच्या कप्तानाचं, जहाजावरच्या आचाऱ्याचं, पत्नीचंसुद्धा. (“केलात तोही दोन पाय तुटलेला,” पत्नी अजून ऐकवायची.) त्यांच्या नावाचा मात्र कुणी एकही केला नव्हता. का करतील? ज्याच्या त्याच्या लेखनावर याने लाल रेघा ओढलेल्या.

आणि आता एकीने केला होता. सरांना गंमत वाटली नाही, संकोच वाटला नाही. हवं होतं त्यांना ते. आशाळभूतासारखं हवं होतं, आणि आपल्याला ते इतकं हवं होतं हे आजच कळल्यामुळे ते स्वतःवरच चिडले.

संध्याकाळी घाईबाई घरी गेल्यावर सरांनी तिचं कपाट उघडलं. तपासायला नव्हे हं! नुसतं बघायला. बाळ कसं आहे बघायला माणूस जातो तसं.

बरणीत चार नमुने होते. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर सरांचं आडनाव, मागे लॅटिन शेपूट लावलेलं. सरांनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने. मग दार बंद आहे ना ते पाहून पुन्हा एकदा मोठ्याने.

त्यांनी एक नमुना बशीत घेतला आणि भिंगाखाली धरला. देखणा होता लेकाचा. लांबसडक पाय, पायांवर बारीक काटे आणि तोंडापुढे दोन सुबक नांग्या, अगदी शिंप्याच्या कात्रीसारख्या. असल्या नांग्यांचा कोळी त्या समुद्रातून आजवर कुणी नोंदवला नव्हता. सर त्याच्याकडे पाहत राहिले. मग हाताला सवय म्हणून त्यांनी तो उलटा केला.

समुद्रकोळी वयात आला, की पायाच्या बुडाजवळच्या दुसऱ्या सांध्यावर एक छिद्र उमटतं, सुईने टोचल्यासारखं. नर-मादी दोघांनाही. अंडी तिथूनच बाहेर पडतात. सरांनी दिवा फिरवला. छिद्र नव्हतं. दुसरा पाय पाहिला, मग सगळे पाहिले. दुसरा नमुना काढला. मग तिसरा, मग चौथा. एकालाही नव्हतं.

पिल्लं होती.

आणि ती कुणाची ते सरांना उठायच्या आधीच कळलं होतं. ते उठले आणि वरच्या फळीवरून एक मोठी बरणी उतरवली. हा कोळी वीतभर. याला नांग्या नव्हत्या. नांग्यांच्या जागी दोन खुंट होते. वय वाढलं की या जातीच्या नांग्या झडून जातात, हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं, कारण याचं पिल्लू आजवर कुणाला मिळालं नव्हतं. सरांनी दोघांना शेजारी ठेवलं. पायांवरचे काटे तेच, डोळ्यांचा उंचवटा तोच, सोंडेचा बाकही तोच. शंकेला जागाच नव्हती.

एका जातीला आधी दिलेलं नावच टिकतं, आणि या मोठ्या कोळ्याला नाव सरांनीच दिलेलं होतं. संचालकांचं. ही खोली काढून घेऊन तिथे उपाहारगृह करायचं घाटत होतं, तेव्हा सरांनी आयुष्यात एकदाच चमचेगिरी केली आणि खोली वाचली. त्या बरणीकडे ते एरवी बघत नसत.

घरी पत्नी उद्याच्या कोटाचं बटण शिवत होती.

“तोंड का उतरलंय?” तिने विचारलं.

“पिल्लू निघालं.”

“कुणाचं?”

“संचालकांचं.”

पत्नीची सुई थांबली. “अगं बाई! या वयात?”

सरांनी सगळं सांगितलं. तिने दोरा दाताने तोडला, बटण ओढून पाहिलं आणि मग विचारलं, “हे दुसऱ्या कुणाला कळायला किती दिवस लागतील?”

“दिवस? चाळीस-पन्नास वर्षं. या कोळ्यांकडे बघणारं आता उरलंय कोण?”

“मग तोवर ना तुम्ही असणार, ना मी. राहू द्या की. जन्मभर जगाला नावं ठेवलीत. आता जग एकदा तुमचं ठेवतंय तर मुकाट्याने ठेवून घ्या.”

“मला हवंय गं ते,” सर म्हणाले. असं काही त्यांनी तिला याआधी कधी सांगितलं नव्हतं. “तिथे बसून तीनदा वाचलं मी. वेड्यासारखं.”

पत्नीने कोटाची घडी घालून तो बाजूला ठेवला.

“काय करायचं ते तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. “फक्त मला उद्या टाळ्या वाजवायला लावून मग घरी येऊन रडू नका.”

सकाळी घाईबाई वरच्या मजल्यावर त्या कोळ्याचा दाराएवढा फोटो फळीवर चिकटवत होती. चाळिशीची बाई, पण सरांना पाहून हातातली चिकटपट्टी लपवायला गेली.

“छिद्रं बघितलीस?” सरांनी विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं? गुपित…”

“छिद्रं बघितलीस का?”

“दिसली नाहीत.”

“म्हणजे बघितलीस.”

“बघितली, सर. नव्हती. मला वाटलं, स्पिरिटात आक्रसून बुजली असतील.”

“तुला तसं वाटलं नाही. तुला तसं वाटून घ्यायचं होतं. अगं, पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं मी, आधी छिद्र बघ, मग तोंड उघड. इतकी वर्षं काय केलंस इथे? माश्या मारल्यास?”

ती गप्प बसेल असं सरांना वाटलं होतं. एरवी बसायची. आज तिने हातातली पट्टी आपटली.

“तुम्ही चाललात म्हणून केलं मी! एवढं काम केलंत आणि तुमच्या नावाचा एक किडा नाही. मी सगळ्यांना विचारलं. बाहेरच्यांनाही विचारलं. ज्यांच्याकडे नवीन नमुने पडलेत त्या सगळ्यांना. कुणी तयार होईना.”

“काय म्हणाले?”

“जाऊ द्या ना, सर.”

“काय म्हणाले ते सांग.”

“म्हणाले, त्यांना काय त्याचं? ते आम्हाला किंमत देत नाहीत, आम्ही दिलेल्या नावाला काय देणार?”

सर खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. त्या लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना त्यांच्याकडे उत्तरं होती. पण ही पोर आपल्यासाठी दारोदार हिंडली, आणि कुठेच काही मिळालं नाही तेव्हा एक पिल्लू उचलून घेऊन आली, हे त्यांना गिळवेना. आपली कुणी कीव करावी! आपली!

“एक खरी प्रजाती आहे माझ्याकडे,” मागून घाईबाई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “नवीन, वयात आलेली. छिद्रं आहेत, दहा वेळा बघितलीत. तिला मी आईचं नाव दिलंय. पण अजून छापून आलेलं नाही. बदलता येईल. तुमचं देते.”

तिची आई गेल्या वर्षी गेली होती. सर तेव्हा भेटायला गेले नव्हते. त्यांना काम होतं.

एक क्षण सरांनी तेही मनात घोळवलं. खोटं का बोला! घोळवलं.

“मूर्ख आहेस का?” मग ते वळून म्हणाले. “आईचं नाव खरवडून तिथे माझं? शोभेल तरी का? चल, या कोळ्यावरचा छापायला पाठवलेला निबंध मागे घ्यायचं पत्र लिहायला बस. आणि तो फोटो खाली काढ.”

फोटो खाली काढायला संचालक तयार होईनात. “अहो, निमंत्रणं गेलीत, पाहुणे येतायत,” ते म्हणाले. “आजचा दिवस होऊ दे. पुढे वर्षभरात सावकाश दुरुस्ती करू. शेवटी विज्ञान चुका सुधारतच पुढे जातं, नाही का?”

“आधी माहीत असलेली चूक करून?”

“बघतो, बघतो,” संचालक म्हणाले आणि त्यांना जे करायचं होतं तेच त्यांनी केलं.

सभागृह भरलं होतं. फुकट खाणं असलं की ही संस्था विज्ञानासाठी नेहमीच भरून येते. संचालकांनी भाषण केलं. सर म्हणजे सागराचे सुपुत्र, सर म्हणजे हिमखंडातला दीपस्तंभ. हिमखंडात दीपस्तंभ कशाला कुणी बांधेल, हे विचारायला कुणी उठलं नाही. मग त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि तो दाराएवढा कोळी नांग्या पुढे करून सगळ्यांसमोर उभा राहिला. संचालकांनी सरांचं आडनाव लॅटिन शेपटासकट उच्चारलं. उच्चारही चुकवला.

टाळ्या पडल्या. पुष्कळ पडल्या. ज्यांच्या लेखनावर सरांनी लाल रेघा मारल्या होत्या तेही वाजवत होते; सर जात होते, त्यांना वाजवायला काय झालं! पहिल्या रांगेत पत्नी मांडीवर हात ठेवून बसली होती. घाईबाई मान खाली घालून दाराशी उभी होती.

टाळ्या संपेपर्यंत सर उठले नाहीत. तेवढ्या त्यांनी घेतल्या.

मग ते माइकपाशी गेले. “हे पिल्लू आहे,” ते म्हणाले. “मोठं झालं की याच्या नांग्या झडतात. मोठं कसं दिसतं ते आपल्याकडे आहेच. त्याला मी पूर्वी संचालकांचं नाव दिलं होतं. तेव्हा हा फोटो त्यांचाच समजावा. माझ्या नावाची प्रजाती नाही.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी विचारलं, “मग ही चूक कुणाची?”

सरांनी दाराकडे पाहिलं. घाईबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“चूक होता होता राहिली,” ते म्हणाले. “मी तर नाव बघूनच पाघळलो होतो. छिद्रं नाहीत हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने स्वतःहून सकाळी निबंध मागे घेतला. माझं नाव असताना घेतला. इथल्या एकाही माणसाने घेतला नसता. तुम्ही तर नाहीच,” हे शेवटचं ते संचालकांकडे वळून म्हणाले.

घाईबाईने तोंड उघडलं. सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने ते मिटलं. कामाच्या बाबतीत सर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि त्यात कुणी लुडबूड केलेली त्यांना नको होती.

संचालकांना यातलं किती कळलं देव जाणे. पण आपलं नाव दोनदा आलं हे त्यांनी ऐकलं होतं. ते हसले आणि फोटोकडे पाहत जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.

लोक खाण्याकडे वळले तेव्हा सर खाली खोलीत आले. पत्नी त्यांच्याबरोबर आली आणि स्टुलावर बसली. सरांनी घाईबाईची बरणी उघडली, एक कोरी चिठ्ठी घेतली आणि पेन्सिलीने तिच्यावर संचालकांच्या कोळ्याचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, पिल्लं. आणखी खाली, ओळख पटवणाऱ्याची सही असते तिथे, त्यांनी आपली सही केली.

“ती जुनी काढा की आधी,” बरणीतल्या पहिल्या चिठ्ठीकडे बोट करून पत्नी म्हणाली.

“काढत नाहीत,” सर म्हणाले. “चुकलेली असली तरी आतच ठेवायची. नवी तिच्या शेजारी घालायची.”

त्यांनी नवी चिठ्ठी चिमट्याने आत सोडली. ती हळूहळू खाली गेली आणि जुनीला चिकटून उभी राहिली. सरांनी झाकण घट्ट केलं, बाहेरून बरणी कोटाच्या बाहीने पुसली आणि वरच्या फळीवर नेऊन मोठ्यांच्या शेजारी ठेवली.